लंबगोल चक्र आणि धोंड्याचं वाण

धरमपेठ, नागपूर
८ जुलै १९८५

तीर्थस्वरूप मामाजींच्या चरणी,

धरमपेठेच्या जावयाचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (गुडघ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पुढे त्यांचं काम पडणार आहे.) आपला खोकला आता कसा आहे? मामीजींच्या डोळ्यांत थेंब कोण घालतं? आपणच घालत असाल तर कृपा करून आधी स्वतः चष्मा लावावा, मागच्या खेपेला अर्धी बाटली उशीनेच प्यायली असं कळलं. धानाचे पऱ्हे टाकून झाले असतील आणि पाऊस नागपूरपेक्षा कुहीवर जास्त खूश असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी, उत्तरा आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयागबाई, ज्या भाडं वरच्या खोलीचं देतात आणि राहतात आमच्या स्वयंपाकघरात.

आपलं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. मी ते जेवताना मोठ्याने वाचलं, कारण आपलं अक्षर फक्त मलाच लागतं असा आव मी घरात आणतो. आपण लिहिलंत की उत्तराने आता शाळेची नोकरी सोडावी. गुडघा गेला की सायकल गेली, आणि सायकल गेली की शाळा गेली. आपला स्वतःचा गुडघा गेला तेव्हा आपण सायकल गोठ्यात आढ्याला टांगलीत आणि निमूटपणे ओसरीवर बसलात, तसंच तिनेही करावं. आणि येत्या अधिक श्रावणात धोंड्याच्या जेवणाला आम्ही कुहीला येऊ तेव्हा तिने राजीनामा देऊनच यावं. (निमूटपणे हा शब्द मामीजींना वाचून दाखवू नये. त्यांचं मत वेगळं आहे.) हे ऐकून उत्तराने पातेल्यातलं सगळं वरण मला वाढलं आणि स्वतः कोरडा भात खाऊन उठली. आपला शब्द तिने आजवर कधी मोडला नाही आणि आताही मोडणार नाही, हीच माझी धास्ती आहे. म्हणून हे पत्र. लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी, पण वाचावं मात्र अगदी ताज्या कलमापर्यंत.

आपण संक्रांतीनंतर तिला पाहायला आला होता तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. (लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून आपण कुहीहून सुरई भरून आणली होती आणि एसटीचा कंडक्टर तिचं अर्धं तिकीट मागत होता, तेव्हाची गोष्ट.) हळदीकुंकवाचं वाण घेऊन प्रयागबाईंच्या जिन्यावरून उतरताना ती घसरली, वाण शाबूत राहिलं, गुडघा राहिला नाही. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, पाय चालता ठेवा पण ताण देऊ नका. हा सल्ला ऐकायला सोपा आहे. आमच्या घरापासून तिच्या शाळेपर्यंत जायचं म्हणजे फुटाळा तलावावरून सेमिनरी हिल्सचा चढ चढायचा. शाळेच्या वेळेला तिकडे बस नाही, आणि रिक्षावाला तो चढ पाहून पोरांच्या शपथा घालतो. मार्च-एप्रिलमध्ये मी तिला डबलसीट नेत होतो. चढ आला की ती उतरून चालायची, मीही उतरून सायकल ढकलायचो, म्हणजे त्या चढावर आरामात फक्त सायकल जात होती. शिवाय वर्गातल्या मुली खिडकीतून पाहायच्या आणि बाईंना नवऱ्याच्या कॅरिअरवरून उतरताना पाहून तोंडावर वही धरायच्या. उत्तराला हे मरणाहून वाईट. वीस वर्षं ती त्या शाळेत स्वतःच्या सायकलवर गेली आहे. एके दिवशी उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "मी पोतं हाओ का? हे मले नाही जमत." आणि घरी येऊन स्वतःच्या सायकलवर बसायला गेली, तर तीन पायडलं मारून तोंड पांढरं करून परत आली. पाय सरळ होताना दुखत नव्हता. पायडल वर आलं, गुडघा दुमडला आणि तिथून जोर लावायची वेळ आली की कळ यायची.

आता इथून माझा पराक्रम सुरू होतो. (अर्धा पराक्रम, अर्धी फजिती. हिशेब शेवटी आपणच करावा.) आमच्या वाचनालयात सायकलींवरचं एक विलायती मासिक येतं, जे माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. त्यात एक लेख निघाला पायडलाजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावर, ज्याला दुकानदार चेनव्हील म्हणतात. लेख होता गोल नसलेल्या चेनव्हीलवर. मी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग घरी आणायची परवानगी नसल्यामुळे ऑफिसच्या ट्रेसिंग पेपरवर आकृत्या उतरवून घेतल्या. नकाशे काढणाऱ्याच्या नोकरीचा संसाराला एवढाच उपयोग आहे.

मामाजी, आपण कडबा कापायच्या मशिनीचं चाक हाताने फिरवलेलं आहे. मूठ समोर असली की हाताला पकड मिळते, चाक जोरात फिरतं. पण मूठ थेट वर किंवा थेट खाली आली की कितीही दाबा, जोर दांड्यातच जिरतो आणि चाक आपल्याच वजनाने पुढे सरकतं. पायडलाचं तेच. वर आणि खाली पाय आंधळा, समोर आला की डोळस. आता गोल चक्र काय करतं? ते पायाची अवस्था पाहत नाही. पाय दुबळा असो की दणकट, ओझं सारखंच. लंबगोल चक्र मात्र माणूस पाहून काम देतं. पाय समोर असतो, जोर भरपूर असतो, तेव्हा चक्राचा मोठा भाग चेन ओढतो. पाय वर येऊन आंधळा झाला की लहान भाग पुढे येतो, ओझं हलकं होतं आणि पाय अलगद तिथून निसटतो. आपण धानाच्या रोवणीच्या वेळी हेच करता. तरण्या बायकांना चिखलात उतरवता आणि म्हातारीला बांधावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या मोजायला बसवता. म्हातारीही रोजावर असते, काम थांबत नाही, आणि कुणाची कंबर मोडत नाही. ज्याने पहिल्यांदा चक्र लांबट केलं त्याने रोवणी पाहिली नसेल, पण त्याचं डोकं आपल्यासारखंच चाललं असणार. मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि ही कल्पना काल-परवाची नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा वर्षांतच, सायकल नुकती वयात आली होती तेव्हा, तिकडचे शर्यतवाले लांबट चक्रं लावून पळत होते. मग लोकांनी हसून हसून ती बंद पाडली. आपण शाळेत जात असाल तेव्हा, तिसानंतर, फ्रान्स-इंग्लंडात ती पुन्हा आली, लोकांनी वापरली, वाखाणली, आणि लढाईच्या गडबडीनंतर पुन्हा विसरली. आता दोनेक वर्षांपूर्वी जपान्यांनी मशिनीवर पायांची मापं घेऊन, कॉम्प्युटरवर आकडेमोड करून नवं चक्र काढलं आहे, जे धड गोलही नाही आणि धड लंबगोलही नाही. माणसाचा पाय गोल नाही, हे दर पिढीत कुणाला तरी नव्याने आठवतं. मला या लोकांचं फार कौतुक वाटतं. दोनदा लोकांनी हसून बाजूला टाकलेली गोष्ट तिसऱ्यांदा हातात घ्यायला छाती लागते. मी एकदाच घेतली, तर प्रयागबाई अजून हसतात.

लंबवर्तुळ काढायची रीत शाळेत शिकवतात. दोन खिळे ठोकायचे, त्यांच्याभोवती दोऱ्याचा सैल फास टाकायचा, दोरा ताणून धरत पेन्सिल फिरवायची. रीत सोपी, अडचण खिळे ठोकायच्या जागेची. टेबल ऑफिसचं, भिंत घरमालकाची. घरात माझ्या हक्काची, सपाट आणि लाकडी अशी एकच वस्तू दिसली, ती म्हणजे पोळपाट. (हक्काची ही माझी समजूत होती.) आकृती सुबक उतरली. खिळे काढले, पण भोकं राहिली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरच्या प्रत्येक पोळीच्या पाठीवर दोन पुटकुळ्या येतात. उत्तराने एवढंच विचारलं, "पोळपाटावर कोनाचा नकाशा काढून राह्यले?" मी म्हणालो, तुझ्या गुडघ्याचा. तिने हातातली पुटकुळ्यांची पोळी मला वाढली.

चक्र करायचं काम मी भैय्याजींना सांगितलं. त्यांचं सायकलीचं दुकान गोकुळपेठेच्या बाजाराजवळ आहे आणि त्यांना नवीन काहीही आवडत नाही. ट्रेसिंग पेपर त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला, मग म्हणाले, "साब, चक्का गोल रहता इसलिए तो चक्का बोलते. इसके ऊपर कोई बैठ गया क्या?" मी त्यांना शंभर वर्षांचा इतिहास सांगितला. त्यांनी तो चहा होईपर्यंत ऐकला आणि म्हणाले की शंभर वर्षांत दोनदा दुकान बंद पडलेल्या माणसाला ते उधार देत नाहीत. शेवटी उत्तराचं नाव काढलं तेव्हा ते नरमले, कारण त्यांच्या मुलीला भूगोल तिने शिकवला आहे. पोलादी पत्र्यावर आकृती चिकटवून चेनच्या मापाने अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं पाडायची आणि भोकांच्या मधोमध कापत जायचं, म्हणजे उरतो तो दात. आठवडाभर दुकानातून दातावर दात घासल्याचा आवाज येत होता. त्यातला काही आवाज भैय्याजींचा स्वतःचा होता.

चक्र तयार झालं आणि इथे मी ती चूक केली, जी मासिक वाचणाऱ्या माणसाशिवाय कुणी करणार नाही. चक्र लांबट आहे खरं, पण पायडलाच्या दांड्याशी ते कसं बसवायचं? लांबी दांड्याच्या दिशेने, की दांड्याला आडवी? माझ्याजवळ दोन आकृत्या होत्या, एक जुन्या इंग्रजी चक्राची आणि एक नव्या जपानी चक्राची. जुनी म्हणते लांबी आडवी, नवी म्हणते जवळजवळ उलट. (विद्वानांचं यावर अजून भांडण चालू आहे. जपान्यांचा मुद्दा पायाच्या वेगाचा आहे, आणि त्यांचं चक्र अगदी नाजूक लांबट, म्हणून त्यांना ते शोभतं.) मी विचार केला, ज्याअर्थी नवं आहे त्याअर्थी बरोबर असणार. आकार इंग्रजांचा घेतला, आणि तोही भरपूर लांबट, अन् बसवायची दिशा जपान्यांची. दोन शहाण्यांचं अर्धं अर्धं ऐकलं.

आजारी माणसाला आधी कशाला बसवा म्हणून मी स्वतः लेडीज सायकलवर बसून निघालो. पायडल वर आलं की असं काही जड व्हायचं की सगळं अंग पुढे वाकवून ते ढकलावं लागे. तिथून सुटलं की पाय धाडकन खाली, मी सरळ. पुन्हा वर, पुन्हा वाकणं. मला वाटत होतं मी सायकल चालवतो आहे. बघणाऱ्यांना वाटलं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करतो आहे. धरमपेठेतले लोक सभ्य. एकाने टोपी काढून उत्तर दिलं, दुसऱ्याने हात जोडले, एक आजी "औक्षवंत हो" म्हणाल्या, आणि कोपऱ्यावर लोकांनी आपसांत ठरवून टाकलं की मी कॉर्पोरेशनच्या निवडणुकीला उभा राहतो आहे. प्रयागबाईंनी गॅलरीतून पाहून खाली निरोप पाठवला की साहेबांना वात झाला असेल तर निर्गुडीचा पाला शेकावा.

घरी येऊन मी उत्तराला सांगितलं की सवय व्हायला वेळ लागेल. ती बसली, अंगणातून फाटकापर्यंत गेली आणि उतरली. म्हणाली, "हे उलटं हाय. मले जिथं हलकं पाह्यजे तिथंच जड होऊन राह्यलं, अन् समोर पाय नुसता घसरते. काहून असं बसवलं?" मी जपानचं नाव घेतलं. ती म्हणाली, "जपान्याले सांगा, माझा गुडघा कुहीचा हाय." मामाजी, मी तीन महिने आकृत्या काढत होतो आणि तिने तो प्रश्न अंगणात सोडवला. दुखणाऱ्या गुडघ्याला कळतं ते मासिकात छापत नाहीत. मी रागावणार होतो, पण मला तिचा फार अभिमान वाटला आणि राग राहूनच गेला.

पावचक्कर फिरवून नवी भोकं पाडताना त्या चक्राचा मधला भाग चिरला. (ते चक्र कुठे गेलं हे लक्षात ठेवावं, पुढे लागेल.) भैय्याजींनी दुसरं केलं, पुन्हा दात घासत. नवं चक्र बरोबर बसलं, पण मग चेनने तोंड वर काढलं. लांबट चक्रावर चेन फिरताना क्षणात ताणते, क्षणात ढिली पडते. फुटाळ्याजवळ ती तीनदा उतरली. भैय्याजींनी दाराच्या जुन्या स्प्रिंगवर एक कप्पी बसवून चेनला खालून दाबून धरलं, तेव्हा ती शहाणी झाली. मग कव्हरचा घोळ. लेडीज सायकलला चेनवर बंद कव्हर असतं ते साडीसाठी, आणि आमचं चक्र त्याच्या पोटात मावेना, दर फेरीला दोनदा खडखड. कव्हर काढलं तर साडीचा काठ दातांत. एक चांगली पाटणी साडी त्यात गेली, तिच्याबद्दल मी घरात बोलत नाही. अखेर तेलाच्या रिकाम्या पिप्याचा पत्रा कापून मोठं कव्हर केलं. पिप्यावरचा हिरवा पोपट नेमका बाहेरच्या बाजूला आला. मुली आता तिला पोपटवाल्या बाई म्हणतात, आणि मुख्याध्यापिकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं की तेल कंपनीकडून काही मिळतं का.

हे सगळं सांगायचं कारण आता येतं. शाळा उघडली त्या सकाळी उत्तरा पोपटावर निघाली. मी माझ्या गोल चक्राच्या सायकलवर मागे, म्हणजे पडली तर उचलायला. फुटाळा गेला, चढ लागला. मी नजर तिच्या गुडघ्यावर ठेवली होती. पाय वर यायचा, मी श्वास धरायचो, आणि पाय अलगद तिथून पुढे जायचा, म्हातारी चिखल टाळून बांधावरून जाते तसा. अर्ध्या चढावर मला धाप लागली आणि मी उतरलो. ती उतरली नाही. घाई नाही, ओढाताण नाही, पदर खोचलेला, पाठ ताठ. सगळ्यात वर जाऊन तिने एक पाय दगडावर टेकला आणि मागे वळून पाहिलं. मला वाटलं आता म्हणेल दुखतं. ती म्हणाली, "या तुमी सावकाश. घंटा होऊन राह्यली," आणि गेली. मी त्या चढावर सायकल धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. स्पष्ट लिहितो, लाजत नाही. तेव्हापासून ती रोज जाते. कळ येत नाही असं नाही, पावसाळी हवेत येते. पण ती म्हणते की दुखणं आता तिच्या कॅरिअरवर बसतं, हँडल तिच्या हातात आहे.

मामाजी, आपण हे वाचून म्हणाल की जावयाने नवं खूळ काढलं. काढलं. पण खूळ आपल्याच घरचं आहे. ती दहा वर्षांची असताना आपल्या उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारायला शिकली, आणि आपण मागून कॅरिअर धरून पळत होता. कुहीतल्या लोकांनी नाकं मुरडली, पोरगी सायकल चालवते म्हणून ओसरीवर येऊन आपल्याला चार शब्द सांगितले. तेव्हा आपण काय म्हणालात ते ती अजून सांगते, अगदी आपला आवाज काढून. "पोरीले देवानं पाय देल्ले, तिनं फिरवले तं गावाच्या पोटात काहून दुखून राह्यलं?" हे वाक्य बोलणारा माणूस आज तिला पाय थांबव म्हणतो, याचं तिला वाईट वाटतं. ती आपल्याला हे कधी लिहिणार नाही. म्हणून मी लिहिलं. मामीजींना नमस्कार, म्हशीला वैरण, आणि आपल्या रागाला थोडी विश्रांती.

आपला, उलट उत्तर देण्याची पहिलीच वेळ असलेला जावई,
देवराव

ता. क. धोंड्याच्या वाणाबद्दल लिहायचं राहिलं. मामीजी अनारशांचं पीठ भिजवून बसल्या असतील, ते तेहतीस अनारसे मी विनातक्रार घेईन. पण चांदीचं ताट, अंगठी, धोतरजोडी असलं काही या खेपेला करू नये. मला वाणात आपली सायकल हवी आहे, गोठ्यात आढ्याला टांगलेली, तीच. जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही, असं आपल्या मनात येईल. येऊ द्यावं. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाचं मागणं मोडत नाहीत हा नियम आपणच मला लग्नाच्या वर्षी सांगितला होता, तो मी जपून ठेवला आहे.

ता. क. दुसरं. ती सायकल मी नागपूरला आणणार नाही. चिरलेल्या चक्राला भैय्याजींनी नवा मध्यभाग जोडला आहे, भोकं या वेळी बरोबर दिशेला आहेत, आणि ते माझ्या पिशवीत बांधून तयार आहे. नुसतं आणून दिलं तर आपण लेकीच्या घरचं म्हणून हात लावणार नाही, सुरईवाला माणूस. पण वाण दिल्यावर सायकल माझी, आणि माझ्या सायकलला माझं चक्र मी लावीन, त्यात आपला धर्म कुठे बुडतो? फक्त माझी सायकल कुहीलाच राहील, आणि गंजू नये म्हणून तिच्यावर रोज बसायचं काम घरातल्या वडील माणसाचं. उत्तराने शब्द दिला आहे. आपण तिच्यावरून एकदा तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन यावं. आल्यावरही आपण म्हणालात की गुडघा गेला की सायकल गेली, तर ती तिथेच ओसरीवर बसून राजीनामा लिहील, कागद माझ्याच पिशवीतून घेईल, आणि मी एक अक्षर बोलणार नाही. पण बसल्याशिवाय बोलायचं नाही.

ता. क. तिसरं. कव्हर व्हायला वेळ लागेल, म्हणून मामीजींनी जवसाच्या तेलाचा रिकामा पिपा टाकू नये. आणि तोवर उघड्या चक्रावर धोतर चालणार नाही. आपण जन्मात पायजमा घातला नाही हे मला माहीत आहे. कुहीच्या शिंप्याकडून आपल्याच पैशाने शिवून घ्यावा, म्हणजे तेही लेकीच्या घरचं होणार नाही. नाडी मजबूत घालावी.

ता. क. शेवटचं. उत्तराने हे पत्र आत्ता वाचलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबाले लिहा, मांगून कॅरिअर मी धरीन. सोडनार नाही." मी ते लिहायला घेतलं तर माझा हात धरून हळूच पुढे म्हणाली, "अन् पाळीवर गेल्यावर सोडून देईन. बाबानं बी तसंच केलं होतं, मी धरून हाओ, धरून हाओ, म्हनत." हे दुसरं वाक्य लिहू नका असं तिने मला बजावलं आहे. मी लिहिलं. आपण मात्र वाचलं नाही असं समजावं, आणि मागे वळून पाहू नये.